मेलबॉक्स हरवलेच नव्हते. ‘परत मिळवून देण्याचे’ पैसे मात्र गेले

मेल सर्व्हरचे सॉफ्टवेअर अद्ययावत केल्यावर मेलबॉक्स रिकामे दिसू लागले आणि ‘डेटा रिकव्हरी’ करून देतो म्हणणारा कोणी भेटला, तर त्याला पैसे आणि पासवर्ड देण्यापूर्वी ही हकीकत वाचावी.

आमच्या करसल्लागार कार्यालयाचा सर्व्हर डेबियन या लिनक्स कार्यप्रणालीच्या आवृत्ती 12 वरून 13 वर नेताना त्यावरील डोव्हकॉट, म्हणजे मेल साठवून वापरकर्त्यांना दाखवणारे सॉफ्टवेअर, हेही 2.3 वरून 2.4 वर गेले. डोव्हकॉटच्या या दोन आवृत्त्यांची कॉन्फिगरेशन फाइल (सेटिंग लिहिलेली फाइल) जुळत नाही: मेल कुठे आणि कोणत्या प्रकारात ठेवले आहेत हे पूर्वी एकाच ओळीत लिहिले जाई, आता त्यासाठी स्वतंत्र ओळी लागतात, आणि डोमेन व वापरकर्ता दर्शविणारी जुनी एकाक्षरी चिन्हेही चालत नाहीत. नव्या फाइलीत मार्ग चुकला, तर डोव्हकॉट तक्रार न करता त्या चुकीच्या जागी रिकामा मेलबॉक्स तयार करते. आमच्याकडे नेमके हेच घडले होते, पण कार्यालयात सर्वांना दिसले ते एवढेच, की विवरणपत्रांच्या हंगामात जुना सगळा पत्रव्यवहार नाहीसा झाला आहे.

इंटरनेटवर शोधून सापडलेल्या ‘रिकव्हरी तज्ज्ञा’ने प्रशासकाचा पासवर्ड घेऊन दूरूनच ‘स्कॅन’ चालवला, मेलबॉक्स करप्ट झाल्याचे सांगितले आणि उशीर केल्यास नवे मेल जुन्यांवर लिहिले जातील अशी भीती घातली. ही भीती सर्वस्वी खोटी नाही, खरोखर पुसलेल्या फाइलींच्या बाबतीत तसे घडू शकते, आणि म्हणूनच ती पटते. आकारणी दर मेलबॉक्समागे होती, निम्मी रक्कम आगाऊ, तीही एका व्यक्तीच्या यूपीआय खात्यावर आणि जीएसटी बिलाविना. मग त्याने एक मेलबॉक्स नमुन्यादाखल ‘परत मिळवून’ दाखवला आणि उरलेल्यांसाठी दुप्पट दर सांगितला.

त्या नमुन्यानेच बिंग फुटले. नंतर बोलावलेल्या अभियंत्याला त्यात फोल्डरांची नावे आणि वाचलेल्या-न वाचलेल्या मेलच्या खुणा जशाच्या तशा दिसल्या. आमच्या सर्व्हरवर मेल साठवण्याची जी मेलडिर पद्धत आहे, तीत प्रत्येक मेलची स्वतंत्र फाइल असते आणि वाचल्याची खूण त्या फाइलीच्या नावातच असते. डिस्कवरील अवशेषांतून वेचून काढलेला मजकूर मात्र बहुधा नावाविनाच हाती येतो. डिस्कवरील व्यापलेली जागा पाहिली, तर तीही देखभालीच्या जुन्या नोंदीतील आकड्याहून कमी झालेली नव्हती. म्हणजे पुसले काहीच गेले नव्हते. (ही तपासणी एका आज्ञेत होते.) सुडोच्या, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने दिलेल्या आज्ञांच्या, नोंदींत तर मेलची मूळ डिरेक्टरी (फोल्डर) दुसऱ्याच नावाने आडजागी हलवल्याची आज्ञा वेळेसह सापडली, आणि ती वेळ त्या ‘तज्ज्ञा’च्या ‘स्कॅन’चीच होती.

डिरेक्टरी मूळ जागी आणून मार्ग दुरुस्त करताच मेल दिसू लागले. मधल्या काळात आलेले नवे मेल तेवढे नंतर मिसळावे लागले. यूपीआय व्यवहाराचा क्रमांक आणि सुडोच्या नोंदी जोडून 1930 या हेल्पलाइनवर व राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार केली आहे. पैसे अद्याप परत आलेले नाहीत. त्याहून मोठी चिंता त्या मेलबॉक्सांतील पॅन आणि बँक खात्यांच्या तपशिलांची होती, म्हणून सर्व्हर नव्याने उभारला, सर्व पासवर्ड आणि सर्व्हरवर दूरून प्रवेश देणाऱ्या एसएसएच किल्ल्या बदलल्या आणि संबंधित अशिलांना लेखी कळवले.