नाक धुण्याची बाटली आणि स्टिरॉइड स्प्रे : मिरचीचा एक हंगाम वापरल्यानंतर

नंदुरबारच्या बाजारात अडतीवर काम करणाऱ्याला मिरचीचा खकाणा नवा नसतो. मात्र वाळवणाच्या पथारींवरची मिरची उचलली गेल्यानंतरही माझे नाक चोंदलेलेच राहिले, वास येईनासा झाला आणि चिकट स्राव घशात उतरत राहिला. हा त्रास १२ आठवड्यांहून अधिक चालल्यामुळे आणि दुर्बिणीच्या तपासणीत सूज दिसल्यामुळे कान-नाक-घसा तज्ज्ञांनी तो दीर्घकालीन सायनसदाह ठरवला. नाकात पॉलिप (आतल्या अस्तराची मऊ गाठ) नव्हते, म्हणून मिठाच्या पाण्याने नाक धुण्याची दाबाची बाटली आणि मोमेटासोन या स्टिरॉइडचा स्प्रे, एवढेच त्यांनी लिहून दिले. गेल्या उन्हाळ्यापासून दोन्ही नियमाने वापरतो आहे.

बाटलीचे तंत्र जमायला वेळ लागतो. बेसिनवर वाकून, तोंड उघडे ठेवून हलका दाब दिला की पाणी दुसऱ्या नाकपुडीतून बाहेर येते. जोर लावल्यास ते कानाकडे चढून दडा बसतो. हंगामात आवक जास्त असलेल्या दिवशी त्या पाण्यात लालसर कण स्पष्ट दिसतात, आणि सायनसमध्ये अडकलेले पाणी कधी तासाभराने खतावणीवर वाकताना अचानक टपकते. स्प्रे नाक धुतल्यानंतर, विरुद्ध हाताने आणि नाकाच्या मधल्या पडद्यापासून बाहेरच्या बाजूला रोखून मारावा. पडद्यावर मारत राहिल्यास रक्त येण्याची शक्यता वाढते.

फरक पडायला काही आठवडे लागले. झोप सुधारली, घशातला स्राव बराच कमी झाला, फोडणीचा वास पुन्हा येऊ लागला. नाक पूर्ण मोकळे मात्र अजूनही राहत नाही. संशोधनही याहून मोठे आश्वासन देत नाही, आणि ते मला प्रामाणिक वाटते. इंग्लंडमधील ७२ दवाखान्यांतील ८७१ रुग्णांवर झालेल्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सहा महिन्यांनी लक्षणीय सुधारणा टिकलेल्यांचे प्रमाण नाक धुणाऱ्यांत सुमारे ४४ टक्के, तर न धुणाऱ्यांत सुमारे ३७ टक्के होते. त्याच चाचणीत वाफ घेण्याने डोकेदुखी तेवढी कमी झाली, सायनसच्या बाकी लक्षणांत फरक पडला नाही. आमच्या घरी आई आजही ओव्याची वाफ घ्यायला लावते. डोके जड असले की मीही ती आनंदाने घेतो, पण तिच्या भरवशावर बाटली सोडत नाही.

चोंदलेले नाक मिनिटांत उघडणारे थेंब मात्र आठवडाभराहून अधिक कोणीही वापरू नयेत, कारण ते सोडताच नाक आधीपेक्षा जास्त चोंदते आणि माणूस त्यांच्यातच अडकतो.

पाण्याबाबत तडजोड करू नये. नळाचे किंवा बोअरचे पाणी थेट नाकात गेल्यास नेग्लेरिया फाउलेरी हा अमीबा मेंदूपर्यंत पोहोचू शकतो. असे क्वचितच घडते, पण घडल्यास रुग्ण बहुधा वाचत नाही. मी रात्रीच पाणी खळखळून उकळून झाकून ठेवतो, सकाळी कोमट करून त्यात मिठाची पुडी विरघळवतो आणि वापरानंतर बाटली उकळलेल्या पाण्यानेच धुऊन उघडी वाळवतो.