वाय-फाय सारखं तुटतंय: डोंगल लावावं की आतलं कार्ड बदलावं?

ड्रायव्हर नव्याने टाकून झाला, जुन्यावर परत जाऊन झालं, डिव्हाइस मॅनेजरमधली पॉवर मॅनेजमेंटची टिकही काढली. फोनला रेंज फुल, लॅपटॉप मात्र नेटवर्क सोडतोच. इथवर आला असाल तर बहुधा कार्डाचाच दोष आहे. मग यूएसबी पोर्टात खोचायचं वाय-फायचं डोंगल की लॅपटॉपच्या आत बसणारं नवं एम.2 कार्ड? मी दोन्ही वापरलंय.

डोंगलची सोय मोठी आहे. लॅपटॉप उघडावा लागत नाही. वाय-फायची चिप बोर्डावरच सोल्डर केलेली असेल किंवा अँटेनाची वायर बिजागरीपाशी तुटली असेल, तर नवं कार्ड आणून उपयोग नाही, तिथे डोंगलच घ्यावं. वेगाबद्दलही माझी तक्रार नव्हती.

माझं मन उडालं ते झाकणापायी. झाकण मिटून उघडलं की डोंगल लॅपटॉपला दिसायचंच नाही. काढा, पुन्हा खोचा, मग नेटवर्क. यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (वीज वाचवायला यूएसबी उपकरण झोपवणारी सेटिंग) बंद केलं, पोर्ट बदलला. काही दिवस बरे जायचे, की पुन्हा तेच. ऐन मीटिंगच्या तोंडावर हे झालं की जीव मेटाकुटीला येतो. सगळीच डोंगलं अशी नसतील, पण माझं होतं. शिवाय शेजारच्या पोर्टला यूएसबी 3 ची हार्डडिस्क लावली की सिग्नल ढासळायचा. यूएसबी 3 चा गोंगाट 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच येतो. राउटर 5 गिगाहर्ट्झवर असेल तर हे कदाचित जाणवणारही नाही.

नंतर इंटेलचं एएक्स210 हे एम.2 कार्ड बसवलं. आधी बॅटरीचा कनेक्टर काढायचा, मग कार्डाचा एकुलता एक स्क्रू. कस लागतो तो दोन अँटेना वायरींना. त्यांची टोकं जेमतेम मोहरीएवढी; कुठली कुठे होती त्याचा फोटो काढून ठेवा. टोक बरोबर जागेवर धरून सरळ वरून दाबायचं, टक् झालं की बसलं. तिरकं दाबलं तर कडा चेपते. तेव्हापासून झाकण उघडेपर्यंत नेटवर्क आलेलं असतं.

घेण्याआधी दोन गोष्टी बघा. एएक्स211 हे मिळत्याजुळत्या नावाचं कार्ड ठरावीक इंटेल प्रोसेसरवरच चालतं, एएमडीवाल्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. आणि काही जुन्या लॅपटॉपांचं बायोस (लॅपटॉप सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) ठरावीक कार्डंच स्वीकारतं.

ब्लूटूथही सहसा त्याच कार्डावर असतं. वाय-फायबरोबर हेडफोनही तुटत असतील, तर नुसत्या वाय-फायच्या डोंगलने निम्मंच दुखणं जाईल. अशा वेळी मी तरी कार्डच बदलेन.