लेबर रेट की मटेरियलसकट?

बाथरूम नव्याने करायचं, तर कंत्राटदाराला फक्त मजुरी द्यायची आणि सामान आपण आणायचं (लेबर रेट), की सामानासकट सगळं त्याच्यावर सोपवायचं (मटेरियलसकट)? आधी टाइल्सचा हिशोब: दादरच्या जुन्या इमारतीतलं ५ बाय ७ फुटांचं बाथरूम धरा. जमीन ३५ चौरस फूट, ७ फुटांपर्यंत भिंती १६८. दार वजा, तुटफुटीचे दहा टक्के जमा, म्हणजे टाइल्स साधारण २०५ चौरस फूट.

मटेरियलसकट कोटेशन सुटसुटीत दिसतं, पण त्यात ‘वॉटरप्रूफिंग’ हा एकच मोघम शब्द असतो. जुना कोबा (टाइल्सखालचा थर) फोडणार का, ट्रॅप (सांडपाण्याच्या जाळीखालचा भाग) बदलणार का, पाणी भरून ठेवून तपासणार का, हे लिहूनच घ्या. डेब्रिज (राडारोडा) उचलण्याचे पैसे आणि जीएसटी बहुतेकदा वेगळे.

लेबर रेट स्वस्त, पण सिमेंट संपलं की फोन आपल्यालाच. (तोही नेमका लोकलमध्ये असताना.) मी टाइल्स-नळ स्वतः आणले, बाकी सगळं कंत्राटदाराकडे. खालच्यांकडे गळलं, तर धरायला माणूस एकच.