मुंबईहून की इथूनच? बायकोच्या ग्रीन कार्डाच्या दोन वाटा

आमच्या नात्यात दोन्ही वाटा चालून झाल्या आहेत. माझी बायको व्हिजिटर व्हिसावर न्यू जर्सीला आली आणि इथेच आय-४८५ (अमेरिकेत राहूनच ग्रीन कार्ड मागायचा अर्ज) भरून तिनं कार्ड घेतलं. आतेभावानं मात्र लग्नानंतर लगेच आय-१३० (बायकोसाठी नवऱ्यानं भरायचा नात्याचा अर्ज) भरला आणि वहिनी मुंबईच्या कॉन्सुलेटमधून इमिग्रंट (कायम राहायला जाण्याचा) व्हिसा घेऊनच विमानात बसल्या. आम्ही दोघंही अमेरिकन नागरिक, त्यामुळे व्हिसा नंबरच्या रांगेचा (दरवर्षी ठरावीकच व्हिसे, म्हणून थांबण्याचा) प्रश्न आला नाही. तुमच्याकडे नुसतं ग्रीन कार्ड असेल तर रांग लागू शकते आणि बायको इथे असताना तिचं स्टेटस (कायदेशीर मुक्काम) मध्येच संपलेलंही चालत नाही. तुमचं गणित वेगळं.

फोनवर सगळे एकच विचारतात: "फिरायला म्हणून आणू आणि इथे आल्यावर भरून टाकू का?" तसं करू नका. इथेच राहायचं ठरवून विमानतळावर "फिरायला आले" म्हणणं हे खोटं बोलून प्रवेश मिळवणं झालं. ते अंगाशी आलं तर कायमची बंदी येऊ शकते. परराष्ट्र खात्याच्या नियमपुस्तकात २०१७ पासून ९० दिवसांचा दंडक आहे: आल्यापासून तेवढ्यात लग्न करून इथेच राहण्यासारखं काही केलं, तर आधीच खोटं बोलल्याचं धरता येतं. इमिग्रेशन खातं त्याला बांधील नाही, पण म्हणून ९१व्या दिवशी सगळं माफ होतं असंही नाही.

आमचं खरंच आयत्या वेळी ठरलं. बिनपगारी रजा होती, परतीचं तिकीट होतं. तिसऱ्या महिन्यात तिच्या कंपनीनं प्रकल्प गुंडाळला आणि चेन्नईला जा म्हणाले. मुलाखतीत अधिकाऱ्यानं नेमकं तिथेच बोट ठेवलं. रजेचा मेल आणि तिकीट फाइलमध्ये होतं म्हणून निभावलं.

पैशाचं सांगायचं तर, १ एप्रिल २०२४ पासूनच्या दरांनी इथली वाट महाग. कागदी आय-१३० चे ६७५ डॉलर, आय-४८५ चे १४४०, कामाच्या परवान्याचे २६०, प्रवासाच्या परवानगीचे ६३०, म्हणजे ३००५. मुंबईमार्गे त्याच ६७५ वर व्हिसा अर्जाचे ३२५, आर्थिक हमीपत्र तपासायचे १२० आणि कार्ड बनवायचे २३५ मिळून १३५५. मेडिकल दोन्हीकडे वेगळं. भरायच्या दिवशी दर पुन्हा बघा.

वेळेत आम्ही जिंकलो: आम्हाला अकरा महिने, त्यांना दीड वर्ष. शिवाय आम्ही एका घरात होतो आणि भाऊ रोज रात्री व्हिडिओ कॉलवर जेवत होता. हे छोटं सुख नाही, मान्य.

पण मला छळलं ते लॉकरनं. बायकोच्या पर्समध्ये पुण्याच्या बँकेच्या लॉकरची किल्ली होती आणि लॉकर तिच्या एकटीच्या नावावर. तिचा जन्मदाखला त्यातच. अर्ज चालू असताना प्रवासाची परवानगी हाती नसताना देश सोडला, की आय-४८५ सोडून दिला असं धरतात. ती परवानगी यायला आम्हाला सात महिने लागले. दाखल्याची नवी प्रत काढायला सासऱ्यांनी साताऱ्यात नगरपालिकेच्या दोन खेपा घातल्या. भाड्याचा फ्लॅट रिकामा करायचा, तर सासूबाई फोन कपाटासमोर धरून एकेक डबा, एकेक साडी दाखवत होत्या: "हे ठेवू की देऊन टाकू?" इकडे बायको रात्री साडेअकराला डोळे पुसत म्हणायची, "द्या देऊन." स्कूटर सोसायटीत बॅटरी उतरून पडलेली, आणि सेक्रेटरींचे मेसेज मला. भेटीपुरत्या बॅगेवर माणूस आपला संसार मागे टाकून येतो, हे कुठल्याच फॉर्मच्या सूचनांत लिहिलेलं नसतं. कामाचा परवाना येईपर्यंत तर घरात बसून ती हेच सगळं आठवत राहायची.

वहिनींनी तोवर पगार घेतला, नोटीस पिरियड पुरा केला, स्कूटर चुलतभावाला विकली. पोलीस क्लिअरन्स काढला, मेडिकल केलं, बीकेसीत मुलाखत दिली आणि पोळपाट-लाटण्यासकट आल्या. उतरल्या त्याच दिवशी कायम रहिवासी. प्रवेशाचा शिक्का मारलेला व्हिसाच वर्षभर कार्डासारखा चालतो, त्यामुळे चौथ्या महिन्यात बहिणीच्या लग्नाला जाऊनही आल्या. (लग्नाला दोन वर्षं झाली नसतील तर दोन्ही वाटांनी दोन वर्षांचंच सशर्त कार्ड मिळतं. मग ती अट काढायचा अर्ज, आय-७५१, आम्हा दोघांनाही चुकला नाही.)

मी काही वकील नाही, आणि प्रत्येकाचं घर वेगळं. बायको प्रामाणिकपणे भेटीला आली असेल आणि इथे आल्यावर बेत बदलला असेल, तर इथून भरण्यात गैर काही नाही. कायद्यानं ती वाट ठेवलीच आहे. फक्त एकदा वकिलाला कागद दाखवा. पण ती अजून पुण्यात असेल आणि तुम्ही नुसते हिशेब मांडत बसला असाल, तर माझ्या मते आय-१३० आजच भरावा आणि दीड वर्ष कळ सोसून काढावं.

आमचा लॉकर शेवटी कार्ड आल्यावर उघडला. दाखला वरच होता.