डेक्कन क्वीनची डायनिंग कार: खिडकीची जागा धरा

संध्याकाळी ५.१० ला गाडी सीएसएमटीवरून सुटते. डायनिंग कारमध्ये बसायचं असेल तर आपल्या डब्यात बॅग टाकायची आणि लगेच निघायचं. दादर गेल्यावर उठलात तर दारापाशी ताटकळायची तयारी ठेवा. २०२२च्या जूनमध्ये गाडीला नवे एलएचबी डबे लागले आणि इथल्या ३२ खुर्च्यांच्या ४० झाल्या, पण अख्ख्या गाडीच्या मानाने ४० म्हणजे काहीच नाही.

मागवायचं काय? चीज टोस्ट. ऑम्लेट घरीही होतं, कटलेटही बरं असतं, पण टोस्ट या गाडीतच खावा. कडा करकरीत, मधलं चीज ओघळायच्या बेतात, वरून मिरपूड. गरम आहे तोवर संपवायचा, गप्पा नंतर. चहा मात्र जपून, रूळ बदलताना बशीत सांडतोच. वेटर टेबलापाशी येऊन ऑर्डर घेतो, काटे-चमचे येतात. नेहमीच्या प्रवासी गाडीत असं टेबलाशी बसून खाणं आता दुसरीकडे उरलेलं नाही. १ जून १९३० पासून धावणाऱ्या राणीचा तेवढा मान हवाच. दरवर्षी १ जूनला पासवाले पुणे स्टेशनवर तिचा वाढदिवस करतात, केकबिक कापून.

आता खिडकीचं. माझा टोस्ट साधारण डोंबिवलीच्या आसपास येतो, आणि ही गाडी डोंबिवलीला थांबत नाही.

मी फोर्टातल्या एका बँकेत होते, पुण्याहून रोजची ये-जा. पासवाल्यांत तोही होता. डबे निळे-पांढरे होते तेव्हाची गोष्ट. एका संध्याकाळी टोस्टचा तुकडा मोडता मोडता म्हणाला, "डोंबिवलीत वन रूम किचन बघितलंय. ही रोजची धावपळ बंद करू. तुझ्या आईला भेटायला कधी येऊ, तेवढं सांग." मी म्हटलं, कर्जत येऊ दे, सांगते. कर्जतला घाटासाठी मागे बँकर इंजिनं लागली, तेवढ्यात तो उतरून वडे घेऊन आला. मी म्हटलं, लोणावळा येऊ दे. घाटात ३७ फुटांमागे १ फुटाचा चढ, त्यामुळे मागून इंजिनं जीव खाऊन रेटत होती. समोरचा माणूस मात्र अजिबात रेटत नव्हता. त्याचं तेच मला आवडायचं, आणि रागही त्याचाच यायचा. लोणावळ्याला इंजिनं सुटली आणि मी चिक्कीवाले बघत बसले.

असा अख्खा पावसाळा गेला. माणूस पसंत होता, अगदी मनापासून. पण सदाशिव पेठेतलं घर, तिथे एकटी पडणारी आई, सकाळची ७.१५ आणि तीत ठरलेली जागा, हे सोडून लोकलला लटकणारी मी मला दिसेचना. हो म्हणवेना आणि नाही तर त्याहून म्हणवेना. दिवाळीनंतर त्याने पास काढणं बंद केलं. डोंबिवलीतली ती जागा त्याने घेतली, एवढं ऐकलं.

पुढे माझं रीतसर बघून लग्न झालं, संसार छान आहे. नवऱ्याला सगळं ठाऊक आहे. कल्याण येईपर्यंत तो मुद्दाम मोबाइलमध्ये डोकं घालून बसतो. एकदा म्हणाला, "अगं, तुला तिथली सकाळची फास्ट झेपली असती का?" नसती झेपली. तरी मी रुळांलगतच्या इमारती बघते. ग्रिलमध्ये वाळत घातलेले टॉवेल, कुठे कुंड्या, कुठे सायकल. आमच्या गॅलरीत तुळस असती की त्याचं ते मनीप्लांट, याचा निकाल अजून लागलेला नाही. आणि लागायच्या आत डोंबिवली संपते. रेल्वेला सूचना करायची झालीच तर हीच: तेवढ्या पट्ट्यात गाडी जरा हळू चालवा. करणार नाहीत, माहीत आहे.

बाकी सेवा उत्तम, वेटर मंडळी मायाळू, खिडक्या मोठ्या. पाचपैकी साडेचार. अर्धा गुण कापला तो कर्जतपायी. वडा हवा तर उतरावं लागतं आणि उतरलात की खुर्ची गेलीच समजा. हल्ली नवरा उतरतो, मी पर्स ठेवून त्याची खुर्ची धरते.