स्वस्तात घेतलेला कटर आणि न लागलेला ब्रेक

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि त्याच्या तडाख्यात आमच्या दापोली तालुक्यातल्या आंब्या-माडांच्या आणि पोफळींच्या बागा आडव्या झाल्या. झाडे तोडणे आणि छाटणे हा माझा पोटापाण्याचा धंदा असल्यामुळे त्या पावसाळ्यात रोज चार-पाच ठिकाणांहून बोलावणी येत होती, आणि नेमक्या त्याच दिवसांत माझ्या जुन्या कटरचा, म्हणजे लाकूड कापायच्या पेट्रोलवर चालणाऱ्या चेनच्या करवतीचा, पिस्टन जाम झाला. अधिकृत विक्रेत्याकडे टाळेबंदीमुळे माल नव्हता आणि नवा माल यायला किमान तीन आठवडे लागणार होते. ज्यांच्या घरावर आंब्याचे खोड पडले आहे, त्यांना तीन आठवडे थांबा असे सांगण्याचे धाडस मला झाले नाही.

अशा वेळी बाजारपेठेतल्या एका यंत्रसामग्रीच्या दुकानात मला हवे तेच मॉडेल दिसले. नामांकित जर्मन कंपनीचे नाव, तोच रंग, तोच खोका, खोक्यावर 72 सीसी असा ठळक आकडा, आणि अधिकृत विक्रेत्याकडे चाळीस हजारांच्या पुढे असलेली किंमत येथे फक्त बावीस हजार. "भाऊ, माल तोच आहे, मधला एजंट नाही म्हणून दर कमी आहे," असे दुकानदाराने सांगितले. त्याने दोरी ओढून यंत्र सुरू करून दाखवले, मी आवाज ऐकला आणि पैसे दिले. पावतीवर "वूड कटर, 1 नग" एवढेच लिहिलेले होते. अनुक्रमांक नव्हता, जीएसटी क्रमांक नव्हता, हमीपत्रावर शिक्का नव्हता. हे सर्व मला त्याच क्षणी दिसले होते आणि तरीही मी घाई केली, हे येथे स्पष्टपणे नोंदवणे मला आवश्यक वाटते.

दुसऱ्याच दिवशी चेन सैल पडू लागली. नवी चेन सुरुवातीला ताणली जातेच, त्यामुळे मी ती आवळून काम पुढे चालू ठेवले. मग बार, म्हणजे ज्याच्या कडेने चेन फिरते ती लांब पोलादी पट्टी, निळसर पडलेला दिसला, म्हणजे तो तापत होता. चालू कटरचे टोक कापलेल्या बुंध्याजवळ, न टेकवता धरून थोडी रेस दिली, तर चेनवरून उडालेल्या तेलाची बारीक रेघ लाकडावर उमटायला हवी. येथे जवळजवळ काहीच उमटले नाही, म्हणजे चेनला तेल पोहोचतच नव्हते. तिसऱ्या दिवशी लक्षात आले की रेस पूर्ण सोडल्यानंतरही चेन हळूहळू फिरतच राहते. मी कार्बोरेटरचा स्क्रू फिरवून इंजिनाची गती कमी केली, तासभर चेन थांबली, नंतर पुन्हा फिरू लागली. क्लचच्या स्प्रिंगा कमकुवत असल्या की असे होते, हे मला माहीत होते. एवढे कळल्यावर कटर बाजूला ठेवायला हवा होता, पण हातात दुसरे यंत्र नव्हते.

नवव्या दिवशी एका गोठ्यावर पडलेला आंबा मोकळा करत होतो. वादळात पडलेल्या झाडाची प्रत्येक फांदी कुठेतरी दबलेली किंवा ताणलेली असते, म्हणून ताणाची बाजू ओळखून मी सावकाश कापत होतो. मात्र पानोळ्याआड आणखी एक फांदी होती, आणि बारच्या टोकाचा वरचा भाग तिला लागला. टोकाचा तो वरचा पाव हिस्सा कशालाही टेकला की कटर कापत नाही, तर उसळून थेट चालवणाऱ्याच्या दिशेने येतो. हाताच्या पुढची ढाल यासाठीच असते. मनगट तिच्यावर आदळले की ब्रेक लागतो आणि चेन डोळ्याचे पाते लवण्याच्या आत थांबते. माझे मनगट ढालीवर आदळले, ढाल बिजागरीपाशी तुटून खाली पडली आणि चेन फिरतच राहिली. रेस सुटली होती, पण तिसऱ्या दिवसापासून रेस सोडूनही चेन थांबत नव्हती. डाव्या खांद्याला अकरा टाके पडले. डोक्यावर हेल्मेट होते आणि बारचे टोक चेहऱ्याच्या बाजूने निघून गेले, म्हणून हे लिहू शकतो आहे.

खांदा बरा झाल्यावर मी तो कटर ओळखीच्या जुन्या मिस्त्रीकडे नेला. त्याने क्लचवरचे झाकण काढले आणि म्हणाला, "दादा, हा पट्टा बघा." क्लचच्या ड्रमभोवती ब्रेकचा पोलादी पट्टा असतो आणि ब्रेक लागला की जाड स्प्रिंग तो ड्रमवर आवळते. माझ्या कटरमधला पट्टा पत्र्यासारखा पातळ होता, आणि त्याच्या आतल्या अंगावर घासल्याची एकही खूण नव्हती. नऊ दिवसांत तो ड्रमला एकदाही टेकलेला नव्हता. स्प्रिंग मिस्त्रीने नुसत्या अंगठ्याने दाबून दाखवली. नंतर त्याने सिलिंडर मोजला. व्यास 45 मिलिमीटर आणि पिस्टनची धाव 34 मिलिमीटर भरली, म्हणजे इंजिन जेमतेम 54 सीसीचे होते. कंपनीच्या यंत्रावर अनुक्रमांक धातूत कोरलेला असतो. येथे त्या जागी चिकटवलेला कागद होता, तो नखाने निघाला.

म्हणून या कामातल्या प्रत्येकाला माझी कळकळीची विनंती आहे की, पैसे देण्यापूर्वी दुकानातच कटरमध्ये पेट्रोल आणि तेल घालून तो गरम होऊ द्यावा, जमिनीवर घट्ट धरून क्षणभर पूर्ण रेस द्यावी आणि मूठ न सोडता डाव्या मनगटाने ढाल पुढे ढकलावी. चेन त्याच क्षणी थांबली पाहिजे. मग ब्रेक सोडून यंत्र नुसते चालू ठेवावे, चेन अजिबात फिरता कामा नये. "नव्या मशीनमध्ये पेट्रोल घालत नाही" असे उत्तर मिळाले तर तेथून निघावे. अनुक्रमांक पावतीवर लिहून घ्यावा आणि पैसे देण्याआधी कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करून तो खरा असल्याची खात्री करावी. सीसीच्या आकड्याला भुलू नये. मोठ्या बुंध्यांसाठी सत्तरच्या आसपासचे यंत्र उपयोगी पडते हे खरे, पण झाडावर चढून छाटणी करायची असेल तर तीस-पस्तीस सीसीचे हलके यंत्रच हातात राहते. माझ्याकडे आता तशी दोन वेगवेगळी यंत्रे आहेत, दोन्ही अधिकृत विक्रेत्याकडून पूर्ण किमतीला घेतलेली.

मी दुकानदाराकडे गेलो तेव्हा त्याने सांगितले की, तुम्ही हे धंद्यासाठी घेतले, तुम्ही ग्राहकच नाही. हे ऐकून अनेक जण गप्प बसतात. प्रत्यक्षात ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्येच स्पष्ट केलेले आहे की, स्वयंरोजगारातून स्वतःची उपजीविका चालवण्यासाठी वस्तू घेऊन जो ती स्वतः वापरतो, तो ग्राहकच ठरतो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही, तक्रारीची मुदत दोन वर्षांची असते, आणि सल्ल्यासाठी आता 1915 हा राष्ट्रीय क्रमांक उपलब्ध आहे. मी मिस्त्रीचा लेखी अहवाल, तुटलेल्या ढालीची छायाचित्रे आणि दवाखान्याची बिले जोडून तक्रार केली. नोटीस गेल्यावर दुकानदार तडजोडीला आला आणि त्याने बावीस हजार रुपये परत केले. औषधोपचाराचा खर्च आणि दोन महिने बुडालेली मजुरी मला मिळाली नाही. त्या कटरसाठी मी पावती नीट घेतली असती, तर हे दोन्हीही मागता आले असते असे वकिलांनी सांगितले.