जपानी टीव्ही जाहिरातीत लोकप्रिय गाणं: मूळ रेकॉर्डिंग की नव्याने गाऊन घेतलेलं?

आधी परवानग्या बघा. शब्द आणि चालीचे हक्क दोन्हीकडे लागतातच. गाणं जासराककडे (गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणारी जपानी संस्था) नोंदलेलं असलं तरी जाहिरातीची रक्कम बहुधा संगीत-प्रकाशकच सांगतो. मूळ रेकॉर्डिंगला वर रेकॉर्ड कंपनीचा होकार आणि वेगळे पैसे. नव्यात ते वाचतात, पण गायक, वादक, स्टुडिओ आलाच.

खरी अडचण वेळेची. 15 सेकंदांच्या जाहिरातीत सुरुवातीला आणि शेवटी अर्धा-अर्धा सेकंद आवाज बंद ठेवतात, उरतात 14. गाण्याची ओळ 16 सेकंदांची असली की मूळ रेकॉर्डिंग मधेच कापावं लागतं, आणि ते कानाला फार खटकतं. नव्यात लय किंचित वाढवली की ओळ नेमकी बसते.

पहिल्याच सुराला ओळख पटायला हवी, तर मूळच घ्या. ओळीत उत्पादनाचं नाव गुंफायचंय, तर नव्याने गाऊन घ्या. मात्र गीतकाराची संमती आधी मिळवा.